चिल्लर नाही, चॉकलेट घ्या! : दुकानदारांनी पाडलेल्या नाण्यांची गोष्ट

'मॅन्युफॅक्चरिंग प्रोसेसेस'च्या पुस्तकात कॉइनिंग हा विषय अर्ध्या पानात आटोपतो. दोन डाय, मध्ये कोरी चकती, चौफेर बंदिस्त जागा आणि प्रचंड दाब. धातूला बाहेर पळायला जागाच नाही, म्हणून तो ठशातल्या बारीकसारीक रेषांत घुसतो. परीक्षेत चार मार्कांची टीप. मुलं लिहितात, मीही मार्क देतो आणि सगळे पुढे फोर्जिंगकडे वळतात. पण जगातली पहिली वाफेवर चालणारी टांकसाळ उभी राहिली, त्यामागे सुट्ट्या पैशांची टंचाई होती, आणि ती टंचाई सरकारच्या आधी दुकानदारांनी, खाणवाल्यांनी आणि भट्टीवाल्यांनी मनावर घेतली होती, हे त्या पुस्तकात कुठेच नाही. म्हणून हा लेख.

सुरुवात घरापासून करतो. माझं गाव खापा. सावनेर तालुक्यात, कन्हान नदीच्या काठावर. जुन्या लोकांना ते विणकरांचं गाव म्हणून ठाऊक, आणि जवळच्या गुमगावच्या मॅंगनीज खाणीमुळेही. माझ्या लहानपणी गावातल्या किराणा दुकानात रोज एक संवाद व्हायचा.

"काका, आठ आणे राहिले."

"चिल्लर नाही रे पोट्ट्या. हे घे, गोळी खा."

"गोळी नको, पैसे द्या."

"मंग उद्या घेऊन जा."

तो उद्या काही यायचा नाही. एकदा आम्ही तिघा भावंडांनी महिनाभर गोळ्या खाल्ल्याच नाहीत, डब्यात साठवल्या आणि दुकानात नेऊन म्हटलं, "याचे वीस बिस्किटं द्या." काका हसले आणि म्हणाले, "गोळ्या चालत नाही आमच्याकडे." हा प्रसंग मी वर्गात नेहमी सांगतो, कारण पैशाची व्याख्या इतक्या थोडक्यात मला दुसरीकडे सापडली नाही. दुकानदार देतो पण परत घेत नाही, तो माल. देतो आणि परतही घेतो, ते टोकन. आणि शेजारचा दुकानदारसुद्धा घेतो, तेव्हा त्याचा पैसा होतो. या तीन पायऱ्या लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता प्रश्न असा, की सुट्टे पैसे कमी पडतातच का? सरकारकडे टांकसाळ असते, धातू असतो. मग पाडावे की!

उत्तर कारखान्यातल्या माणसाला लगेच कळेल. मोठं नाणं पाडा किंवा छोटं पाडा, चकती कापणं, तापवून मऊ करणं, ठसा मारणं, मोजणं हे कष्ट जवळपास तेवढेच. जुन्या इंग्लंडात एक पौंड म्हणजे २० शिलिंग, किंवा २४० पेनी, किंवा ९६० फार्दिंग. एक पौंडाचा माल शिलिंगमध्ये पाडायचा तर २० ठोके, फार्दिंगमध्ये पाडायचा तर ९६०. आपल्याकडेही तेच : जुना रुपया म्हणजे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै. हाताने घण मारून नाणी पाडायच्या काळात टांकसाळीला छोट्या नाण्यांत रस कशाला असेल? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! त्यात राजाची प्रतिष्ठा सोन्याचांदीत. तांब्यावर आपलं नाव घालणं इंग्लंडच्या राजांना बराच काळ कमीपणाचं वाटे. चांदीचा फार्दिंग पाडावा तर तो इतका बारीक होई की बोटांतून निसटून जाई.

१६१३ साली पहिल्या जेम्स राजाने यातून पळवाट काढली. तांब्याचे फार्दिंग पाडायचा मक्ता त्याने लॉर्ड हॅरिंग्टन नावाच्या सरदाराला देऊन टाकला. नाणी हलकी, पातळ, नफा मक्तेदाराचा आणि राजाचा. लोकांना ती आवडली नाहीत. पुढे राजा आणि संसद यांच्यात युद्ध पेटलं आणि १६४४ मध्ये संसदेने तो मक्ताच मोडला. १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्स राजाचं डोकं उडवलं गेलं. राजा नाही, मक्ता नाही, आणि बाजारात पाव-बिअर घ्यायला सुट्टे नाहीत.

मग दुकानदारांनी कोणाची वाट पाहिली नाही. १६४८ ते १६७२ या काळात वाणी, खाटीक, बेकरीवाले, मेणबत्तीवाले, खाणावळवाले अशा हजारो लोकांनी पितळेची किंवा तांब्याची आपापली नाणी पाडून घेतली. बहुतेक फार्दिंगची, थोडी अर्ध्या पेनीची आणि पेनीची. आपल्या शर्टाच्या बटणाहून जरा मोठी. एका बाजूला दुकानाची खूण, दुसऱ्या बाजूला मालकाचं नाव आणि गाव. बऱ्याच टोकनांवर तीन अक्षरं त्रिकोणात दिसतात : वर आडनावाचं आद्याक्षर, खाली एकीकडे नवऱ्याचं आणि दुसरीकडे बायकोचं. मला ही गोष्ट फार आवडते. राजाच्या नाण्यावर राजा एकटा असायचा, वाण्याच्या नाण्यावर गल्ल्यावर बसणारी वाणीणही आली! काही लोकांनी चौकोनी, अष्टकोनी, अगदी बदामाच्या आकाराची टोकनं काढली. अंधाऱ्या दुकानात हाताला ओळखू यावीत, हा त्याचा एक उपयोग नक्कीच असणार.

ही नाणी गल्लीपुरतीच चालत. पण गल्लीत शेजारचाही दुकानदार ती घेई, कारण त्याला पाडणारा ठाऊक असे. दुकानात कप्प्यांची पेटी ठेवत. या कप्प्यात खाटकाची, त्या कप्प्यात बेकरीवाल्याची. कप्पा भरला की पोरगं पाठवायचं, टोकनं परत करायची आणि चांदीचं नाणं आणायचं. म्हणजे आजच्या भाषेत बँकांची क्लिअरिंग व्यवस्था, फक्त कॉम्प्युटरच्या जागी लाकडी पेटी. ही व्यवस्था चालली ती एका गोष्टीवर : पाडणारा माणूस पळून जाऊ शकत नव्हता. त्याचं दुकान तिथेच, घर तिथेच, नाव नाण्यावर. १६७२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने स्वतःची तांब्याची अर्धी पेनी आणि फार्दिंग बाजारात आणले आणि खासगी टोकनांवर बंदी घातली. गाडी तेवढ्यावर थांबली.

मेसची हिरवी कूपनं

इथे थोडं विषयांतर. मी ज्या कॉलेजात शिकलो त्याचं नाव घ्यायची गरज नाही, पण तिथल्या होस्टेलच्या मेसवाल्याने हिरव्या पुठ्ठ्याची कूपनं काढली होती. पाच आणि दहा रुपयांची, मागे रबरी शिक्का. सेमिस्टरच्या सुरुवातीला पाचशेचं पुस्तक घ्यायचं. एक गणित करा. समजा २०० मुलांनी ५०० रुपये भरले. मेसवाल्याच्या हातात पहिल्याच दिवशी १ लाख रुपये, बिनव्याजी. कांदे-बटाटे अजून बाजारात आहेत, पैसे मात्र खिशात. वर जी कूपनं हरवली, धुण्यात गेली, सुट्टीत घरी राहिली, ती निव्वळ कमाई. नाणं पाडणाऱ्याचा हा नफा राजाला मिळतो तसाच मेसवाल्यालाही मिळतो, मग कूपन तांब्याचं असो की पुठ्ठ्याचं.

हळूहळू ती कूपनं गेटबाहेर पडली. आधी चहाच्या टपरीवर, मग झेरॉक्सवाल्याकडे, शेवटी कटिंगच्या दुकानातही. चिल्लर नाही? हिरवं कूपन घ्या. झेरॉक्सवाला स्वतः दुपारी मेसमध्येच जेवायचा, त्यामुळे त्याला ती चालत. तिसरी पायरी आली : शेजारचा घेतो म्हणजे पैसा. आम्हाला मोठी गंमत वाटायची.

दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत मेसवाला एका रात्रीत गेला. ठेका, थकबाकी, भांडण, काय असेल ते असो. सकाळी चुली थंड. आम्हा पोरांकडे प्रत्येकी साठ-सत्तर रुपयांची कूपनं होती. चरफडलो, महिनाभर शिव्या घातल्या आणि विसरलो. सगळ्यात मोठी गड्डी निघाली ती झेरॉक्सवाल्याकडे. त्याचा मेसशी ना करार, ना ओळखीचा कागद. त्याने फक्त आम्हा पोरांची सोय केली होती. आठशेच्या वर रुपये. त्या काळात एका पानाची झेरॉक्स पन्नास-साठ पैशांना व्हायची, हिशेब तुम्हीच करा. त्याने ती गड्डी रबर लावून काउंटरच्या काचेखाली ठेवली होती, शेवटपर्यंत तशीच. कोणाला काही बोलला नाही.

खासगी नाण्यांचा कुठलाही इतिहास वाचताना मी म्हणून एकच प्रश्न आधी विचारतो : पाडणारा बुडाला तर शेवटची गड्डी कोणाकडे राहील?

खाण, भट्टी आणि वाफ

शंभर-सव्वाशे वर्षांनी इंग्लंडात पुन्हा तीच टंचाई आली, आणि या वेळी जास्त तीव्रतेने. औद्योगिक क्रांती सुरू झाली होती. गिरण्यांत, खाणींत, भट्ट्यांवर हजारो मजूर दर आठवड्याला रोख मजुरी मागत होते, आणि ती मजुरी काही शिलिंगांची. १७७५ नंतर सरकारी टांकसाळीने तांब्याची नाणी पाडणंच थांबवलं होतं. बाजारात जे फिरत होतं, त्यात बहुतांश खोटं. खोटी नाणी पाडणारे कारागीर बर्मिंगहॅममध्ये गल्लोगल्ली.

१७८७ मध्ये वेल्सजवळच्या अँगलसी बेटावरच्या पॅरिस माइन कंपनीने स्वतःच्या तांब्याच्या पेनी पाडल्या. (या पॅरिसचा फ्रान्सशी संबंध नाही, तो डोंगराचं नाव.) तांबं खाणीचंच. एका बाजूला दाढीवाल्या ड्रुइड पुरोहिताचं डोकं, दुसरीकडे कंपनीची अक्षरं आणि एक वाक्य, ज्याचा अर्थ : आम्ही धारकास एक पेनी देण्याचं वचन देतो. ओळखीचं वाटलं ना? खिशातली शंभराची नोट काढा. 'मैं धारक को सौ रुपये अदा करने का वचन देता हूँ', खाली रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही. एक रुपयाची नोट सापडली तर तीही बघा. तिच्यावर असं वचन नाही आणि सही वित्त सचिवाची असते, कारण ती नोट भारत सरकार स्वतः काढतं. नाण्यासारखीच ती स्वतःच रुपया, दुसऱ्या कशाची हमी नाही.

ड्रुइड पेनीच्या कडेवरही अक्षरं होती : लंडन, लिव्हरपूल किंवा अँगलसी इथे मागताक्षणी पैसे मिळतील. कडेवर मजकूर का? तर खोटं पाडणाऱ्याला वरचा-खालचा ठसा खोदता येतो, पण कडेवर अक्षरं उमटवायला वेगळं यंत्र लागतं. दोन समांतर पोलादी पट्ट्या, त्यांवर उलटी अक्षरं, आणि त्यांच्यामध्ये चकती उभी धरून फिरवायची. आपलं जुनं जाड पाच रुपयांचं नाणं आठवा, कडेला दाते आणि मधोमध खाच. युक्ती त्याच जातीची.

त्याच वर्षी जॉन विल्किन्सन या लोखंडवाल्याने आपली टोकनं काढली आणि त्यांवर चक्क स्वतःचा चेहरा छापला. लोकांनी टिंगल केली, की हा काय राजा समजतो का! पण मेकॅनिकलच्या मुलांनी या माणसाला नमस्कार करायला हरकत नाही. जेम्स वॉटच्या इंजिनाला लागणारा, आतून अचूक गोल असा सिलिंडर विल्किन्सनच्या बोअरिंग मशीनवरच तयार झाला. तो नसता तर वाफ पिस्टनच्या कडेने गळतच राहिली असती.

वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन. खोट्या नाण्यांचा त्याला मनापासून राग, आणि धंद्याचा वासही बरोबर आलेला. त्याने १७८८ मध्ये बर्मिंगहॅमजवळ सोहो इथे टांकसाळ उभारली आणि नाण्यांचे प्रेस वाफेच्या इंजिनाला जोडले. हाताच्या प्रेसला जड दांडा फिरवायला माणसं लागत, एक माणूस चकती ठेवायला बसे, आणि त्याची बोटं जायची भीती कायम. इथे चकत्या आपोआप सरकत, ठोका दर वेळी सारखाच, आणि चकतीभोवती पोलादी कॉलर. कॉलरमुळे धातू बाजूला पसरत नाही आणि प्रत्येक नाणं त्याच व्यासाचं, नेमकं गोल निघतं. पुस्तकातल्या त्या अर्ध्या पानातली 'बंदिस्त जागा' ती हीच. एकसारखेपणा हीच सुरक्षितता, कारण सगळी खरी नाणी एकसारखी असतील तर खोटं लगेच उठून दिसतं.

सरकारी काम मिळेपर्यंत बोल्टनने खासगी व्यापाऱ्यांची टोकनं पाडून दिली आणि ईस्ट इंडिया कंपनीची नाणीही. १७९१ साली मुंबई इलाख्यासाठी पाडलेले तांब्याचे पैसे सोहोचेच. एका बाजूला कंपनीचं बोधचिन्ह, दुसरीकडे तराजू आणि त्याखाली 'अदल', म्हणजे न्याय. जुन्या नाण्यांच्या बाजारात हा तराजूछाप पैसा बघायला मिळतो. हाताने पाडलेल्या शिवराईशेजारी तो ठेवून बघा. शिवराईची चकती ठशापेक्षा लहान, त्यामुळे 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरं एखाद्याच नाण्यावर पूर्ण दिसतात, बाकीच्यांवर अर्धी कापलेली. तराजूछाप मात्र घड्याळाच्या तबकडीसारखा. मला स्वतःला शिवराई जास्त देखणी वाटते, पण मत इंजिनिअरचं विचाराल तर ते बोल्टनला. पुढे मुंबईच्या टांकसाळीची वाफेची यंत्रंही बोल्टन आणि वॉट यांच्या कंपनीकडूनच आली. १८२९ पासूनची ही टांकसाळ फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेसमोर आजही उभी आहे.

१७९७ मध्ये ब्रिटिश सरकारने शेवटी बोल्टनलाच काम दिलं. पेनी बरोबर एक औंसाची, म्हणजे २८ ग्रॅमच्या वर. दोन पेनी दोन औंसांची, ५६ ग्रॅमच्या वर. चार-सहा खिशात घातली तर चड्डी खाली येईल अशी! नाण्यात जेवढी किंमत तेवढं तांबं, ही त्यामागची कल्पना. पण तांब्याचा भाव वाढला आणि लोकांनी ती वितळवायला सुरुवात केली. आपल्याकडे २००७ च्या सुमारास बातम्या आल्या होत्या, की भारतीय नाणी सीमेपलीकडे बांगलादेशात नेऊन त्यांची दाढीची ब्लेडं करतात. तोच जुना रोग. आपल्या टांकसाळींनी एव्हाना महाग क्युप्रो-निकेल सोडून फेरिटिक स्टेनलेस स्टीलकडे मोर्चा वळवला होता : ८३ टक्के लोखंड, १७ टक्के क्रोमियम.

इंग्लंडात तिसरी लाट १८११ नंतर आली, नेपोलियनच्या युद्धात चांदी दडून बसली तेव्हा. या वेळी चांदीची टोकनंही निघाली. १८१७ च्या कायद्याने ती बंद केली.

या सगळ्यात एक वेगळी आणि वाईट जात होती. काही मालक मजुरी देत ती फक्त स्वतःच्या दुकानात चालणाऱ्या टोकनात किंवा चिठ्ठीत. त्या दुकानात पीठ महाग, साखर महाग, माल हलका. पॅरिस माइनच्या पेनीवर तीन ठिकाणी पैसे मिळायचं वचन होतं. या टोकनावर बाहेर पडायचं दारच नव्हतं. १८३१ च्या ट्रक कायद्याने इंग्लंडात मजुरी रोख नाण्यात देणं बंधनकारक केलं. आपल्याकडे १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने मजुरी चालू नाण्यात किंवा नोटांतच द्यावी असं सांगितलं.

हे वाचताना मला आजोबा आठवतात. ते माग चालवायचे. सूत देणारा आणि लुगडी घेणारा सावकार एकच. हिशेब त्याच्याच वहीत, आणि हातात रोख कमी, धान्याच्या दुकानाची चिठ्ठी जास्त. "चिठ्ठीवरची जवारी अन् रोखीची जवारी, पायली तेवढीच, पण भाव सारखा नाही," असं ते म्हणायचे. १९३६ चा कायदा कारखान्यातल्या मजुरासाठी होता. घरच्या मागावर बसणाऱ्या माणसाला मजूर कोण म्हणतो?

आपल्याकडची तऱ्हा

आपल्या भागात खासगी टांकसाळ ही नवी गोष्ट नव्हती. मराठेशाहीत सोनार-कासारांना नाणी पाडायचा परवाना मिळे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कोकणात नागोठणे, रेवदंडा इथे तांब्याचे पैसे पाडण्याचे असे परवाने दिले गेले, आणि पैशाचं वजन दहा मासे असावं असं ठरवून दिलं होतं. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठ्यांच्या नाण्यांवर आणि टांकसाळींवर निबंधच लिहिला आहे. फरक एवढाच, की परवानाधारक राजाचं नाव छापी, स्वतःचं नाही. आणि तांब्याच्याही खाली कवडी होती. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातल्या छत्तीसगडात कवड्यांवर बाजार चाले. गुजरातेत तर सतराव्या शतकात इराणहून येणारे कडू बदाम चिल्लर म्हणून चालत. कडूच का? गोड असते तर पोरांनी खाऊन टाकले असते! आमच्या गोळ्यांपेक्षा ती व्यवस्था शहाणी म्हणायची.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आसाम आणि सिल्हेटच्या चहामळ्यांनी मजुरांसाठी पितळी, तांब्याची टोकनं काढली. अशा गोष्टींना आळा घालायला ब्रिटिश सरकारने १८८९ साली मेटल टोकन्स ॲक्ट आणला : पैसा म्हणून वापरायचे धातूचे तुकडे खासगी माणसाने पाडायचे नाहीत, द्यायचे नाहीत, त्यासाठी जवळ बाळगायचेही नाहीत. हा कायदा शंभराहून जास्त वर्षं जगला. २०११ च्या कॉइनेज ॲक्टने तो रद्द केला, पण बंदी स्वतःच्या पोटात घेतली.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा टंचाई. तांबं वाचवायला सरकारने १९४३ मध्ये मध्ये भोक असलेला पैसा काढला. काठेवाडातल्या आणि राजपुतान्यातल्या काही संस्थानांनी पैसे-आण्यांची पुठ्ठ्याची आणि कागदाची कूपनं छापली. आमच्या आजीकडे भोकाच्या पैशांची दोऱ्यात ओवलेली माळच होती. ती म्हणायची, चिल्लर हरवत नाही अशी. डिझाइन इंजिनिअरिंगमध्ये याला वापरणाऱ्याने शोधलेला उपयोग म्हणतात. १९७१ मध्ये तर छोटी नाणी साठवून ठेवणं आणि वितळवणं हा गुन्हा ठरवणारा खास कायदा करावा लागला.

पण कायद्याने चालणारं आणि बाजारात चालणारं, हे एकच नसतं. पन्नास पैसे आजही कायदेशीर आहेत, देऊन बघा. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बंद झाली, पन्नासचं मात्र झालेलं नाही. दहा रुपयांच्या नाण्याचं तर विचारूच नका. खोटं आहे अशी अफवा उठली आणि आमच्या भागातल्या दुकानांत ते कितीतरी काळ कोणी हातात धरेना. २०१८ च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं, की दहाच्या नाण्याचे १४ वेगवेगळे नमुने निघाले आहेत आणि सगळे खरे आहेत. तरी भाजीवाली म्हणायची, "भाऊ, माह्याकडून पुढं कोणी घेत नाही ना!" तिचं अर्थशास्त्र पक्कं होतं. शेवटची गड्डी तिच्याकडे राहणार होती.

आता युपीआय आलं. ९७ रुपयांचं बिल ९७ रुपयेच. चॉकलेटवाल्या कंपन्यांचं काय झालं कोण जाणे, पण गोळ्यांचा व्यवहार संपला. खाप्याच्या बाजारात सांबाराची जुडी विकणारी म्हातारीही पाटीला क्यूआर कोड चिकटवून बसलेली दिसते. पैसे आले की नाही ते मात्र शेजारच्या पोराला विचारते.

म्हणून टोकनं गेली असं समजू नका, ती फोनमध्ये गेली. कॅन्टीनचं ॲप, त्यात किमान रिचार्ज, त्यात 'पॉइंट'. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत, जे साधन फक्त देणाऱ्याकडच्याच खरेदीसाठी चालतं आणि ज्यातून रोख काढता येत नाही, त्याला बंदिस्त प्रणालीचं साधन म्हणतात, आणि त्यासाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. म्हणजे तिथे अडकलेल्या पैशावर बँकेतल्या ठेवीसारखी कोणाची नजर नाही. ठेकेदार गेला तर हिरवं कूपन आणि ॲपमधले २१५ रुपये यांत काही फरक नाही. मेस कमिटीच्या मुलांनी पुढचा करार करताना एक कलम घालून घ्यावं : शिल्लक सेमिस्टरअखेर खात्यात परत, आणि त्यासाठी ठेकेदाराची अनामत कॉलेजकडे. मी फॅकल्टी म्हणून त्या कागदावर सही करायला तयार आहे.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. टेक्निकल फेस्टची मुलं माझ्याकडे आली होती. वर्कशॉपमधल्या फ्लाय प्रेसवर पितळेची टोकनं पाडू, खाण्याच्या स्टॉलवर दहा-दहा रुपयांना चालवू, असा बेत. ठसा त्यांनी छान काढला होता : मधोमध गिअर, भोवती विभागाचं नाव. मी त्यांना २०११ चा कायदा दाखवला आणि म्हटलं, स्टॉलसाठी कागदी कूपन वापरा. पितळेची पाडा जरूर, पण आकडा न घालता, आठवण म्हणून द्या. त्यांनी अ‍ॅनिल केलेल्या पितळेच्या चकत्या कापून आणल्या आहेत. कॉलर अजून नीट बसत नाही, एका बाजूला धातू बाहेर येतोय. ज्यांना टर्निंगचा हात आहे त्यांनी शनिवारी दुपारी वर्कशॉपमध्ये यावं.